चौतीस अंशांत तंबू कुठे ठोकायचा?

वाचकाचं पत्र

आम्ही म्हापशाला राहतो. १ मेला जोडून पुण्याहून माझा धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी येणार आहेत. आमच्याकडून मी, नवरा, बारा आणि सहा वर्षांची दोन मुलं आणि सासरे. त्यांचं वय ७१, रक्तदाबाची गोळी चालू आहे. दोन रात्री तंबूत राहायचा बेत आहे. भावाला समुद्रकिनारा हवा, नवऱ्याला चोर्ल्याचा सडा, म्हणजे घाटमाथ्यावरचं उघडं कातळी पठार. गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही किनाऱ्यावर राहिलो होतो. वारा यावा म्हणून तंबूचं तोंड मुद्दाम समुद्राकडे केलं, तरी रात्रभर कोणाचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला घामाघूम झाला, डोकं दुखलं, पायात गोळे आले, दोनदा उलटी झाली. पॅरासिटामॉल दिली, थंड पेय पाजलं, संध्याकाळी खेळायला लागला. भाऊ म्हणतो, “आम्ही पुण्यात चाळीस अंश सोसतो, तुमच्या चौतीसचं काय घेऊन बसलीस?” जावं की बेत रद्द करावा? आणि गेलो तर नवीन, चांगल्यातला तंबू घ्यावा का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर

ताई, बेत रद्द करू नका. जागा मात्र बदला आणि दिवसाचं वेळापत्रकही बदला. तंबू कोणता हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी भावाचा मुद्दा निकालात काढू, कारण तो आल्या आल्या पहिल्याच जेवणाला पुन्हा निघणार. उन्हाळ्यात शरीर थंड राहतं ते घामामुळे. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो अंगावर वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. पुण्यात एप्रिलअखेर पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते, आर्द्रता वीस-पंचवीस टक्के. घाम आला कधी आणि वाळला कधी, पत्ता लागत नाही. आपल्याकडे पारा ३४ वर थांबतो, पण आर्द्रता सत्तरीच्या घरात. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकतो, बनियन पिळून वाळत घालावं लागतं, आणि त्या टपकलेल्या घामाचा गारव्यासाठी काडीचा उपयोग होत नाही. पाणीही गेलं, मीठही गेलं. तापमान आणि आर्द्रता मिळून अंगाला किती जाणवतं याचं एक गणित हवामानशास्त्रात मांडतात. ३४ अंश आणि ७० टक्के हा हिशेब पंचेचाळिशीच्या आसपास जातो. हवामान खातंही उष्णतेची लाट ठरवताना सगळ्यांना एकच पट्टी लावत नाही. मैदानी भागासाठी ४० अंशांची अट आहे, किनारपट्टीसाठी ३७ ची. मार्च २०२३ मध्ये अशाच इशाऱ्यामुळे गोव्यातल्या शाळा दोन दिवस दुपारी बारालाच सोडल्या होत्या, थोरल्याला विचारा, त्याला नक्की आठवत असेल.

दुसरं असं की, उकाडा अंगवळणी पडायला शरीराला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तुम्ही म्हापशेकर मार्चपासून घामात भिजताय. भाऊ-भावजय एसी गाडीतून उतरणार आणि दुसऱ्याच दिवशी तंबूत शिरणार. तेव्हा चाळीस अंशांच्या फुशारकीकडे लक्ष देऊ नका, भावाकडे द्या. पहिले दोन दिवस त्रास झालाच तर त्या तिघांना आधी होईल.

आता जागा. गेल्या वर्षी झोप का लागली नाही, ते तंबूच्या तोंडापासून सांगतो. दिवसा जमीन तापते म्हणून वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो, उन्हाळ्यात साधारण दुपारच्या आसपास सुरू होतो आणि दिवेलागणीपर्यंत चालतो. सूर्य बुडाला की तो पडतो. मग बराच वेळ पान हलत नाही, आणि उत्तररात्री वारा उलटा फिरून जमिनीकडून समुद्राकडे अगदी हलका वाहतो. म्हणजे ज्या वेळी तुम्ही आत जाऊन आडव्या झालात, त्या वेळी समुद्राकडचा वारा संपला होता, आणि पहाटे जी काही झुळूक आली ती तंबूच्या पाठीवर येऊन थांबली. त्यात किनाऱ्यावर मे महिन्यात रात्रीचं तापमान २६ अंशांच्या आसपासच राहतं. सकाळी सव्वासहाला सूर्य वर येतो आणि वाळूत सावली कसलीच नसते. आठ वाजता तंबूत बसून दाखवावं कोणी!

सावलीसाठी माडाखाली सरकावं म्हटलं तर वरून नारळ पडतो, झावळी पडते. सुकी झावळी दिसते हलकी, पण तिचा देठाकडचा भाग डोक्यात बसला तर टाके पडतात. शिवाय किनाऱ्यावर उघड्यावर चूल मांडायला आणि दारू प्यायला बंदी आहे, दंड होतो. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं बाहेर पडायचा काळ उन्हाळ्यात येतो. पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात, समुद्राऐवजी तुमच्या कंदिलाकडे येतात. तिथे तंबूचा विचारही नको. भावाला समुद्र दाखवायचाच असेल तर संध्याकाळी न्या, पाय भिजवू द्या, जीवरक्षक असेपर्यंत डुंबू द्या आणि झोपायला घरी आणा.

नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चोर्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. हजार मीटर चढलं की पारा साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतो, म्हणजे तिथे किनाऱ्यापेक्षा पाचेक अंश कमी, आणि वाराही असतो. झोप तिथे लागेल. पण उघड्या सड्यावर जांभा दगड दिवसभर तापतो आणि अर्ध्या रात्रीपर्यंत ती धग परत देत राहतो. आठ माणसांना पुरेल एवढं पाणी एप्रिलअखेर वर मिळत नाही, सगळं खालून न्यावं लागतं. बाजूला म्हादई अभयारण्य आहे, आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरणं, राहणं हा गुन्हा आहे. आणि वीज. एप्रिल-मे म्हणजे वळिवाचे दिवस. दुपारी घाटमाथ्यावर ढग जमतात आणि तासाभरात कडाडायला लागतं. मोकळ्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्ही आणि तुमच्या तंबूचे खांब. तंबू विजेपासून वाचवत नाही, एकटं झाड तर नाहीच. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली गाडी, एवढ्या दोनच जागा कामाच्या. नवरा फारच हट्टाला पेटला तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप त्यांच्या मोबाइलवर घालून द्या. आसपास कुठे वीज पडतेय ते त्यात कळतं. पण सहा वर्षांचं पोर आणि ७१ वर्षांचे सासरे बरोबर असताना मी सडा निवडणार नाही.

मग कुठे? कुळागरात. सावईवेऱ्याला, फोंड्याच्या केरीला, सत्तरीत, नेत्रावळीत, डोंगराच्या पायथ्याला जिथे बारमाही झर आहे तिथे कुळागर आहे. माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरी, खाली केळी आणि मधून खेळवलेलं पाटाचं पाणी. ऊन जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. सावली आणि झाडांनी सोडलेला ओलावा यांमुळे दुपारी बाहेरच्या रस्त्यावरून आत पाऊल टाकलं की फरक कातडीला कळतो. काही कुळागरांचे मालक पाहुणे ठेवतात. तुमच्या ओळखीत कोणाचं तरी कुळागर असणारच, म्हापशात विचारा, दोन फोनमध्ये काम होईल. मालकाला विचारूनच जायचं, हे वेगळं सांगायला नको.

तंबू मात्र कुळागराच्या पोटात ठोकू नका. तिथे जमीन ओली, डास मुबलक आणि वरून नारळ, पोफळीच्या झावळ्या हे चालूच. फणसाखालीही नको. मे महिन्यात पिकलेला फणस खाली आला तर तंबूही गेला आणि माणूसही. घराच्या आंगणात किंवा कुळागराच्या कडेला, थोड्या उंचवट्यावर, वर काही लोंबत नाही अशी मोकळी जागा बघा. सावली डोक्यावर नसली तरी चालेल, पूर्वेला हवी. पूर्वेकडे दाट झाडं किंवा डोंगर असला की ऊन तंबूवर उशिरा येतं आणि सकाळची एक-दीड तासाची झोप पदरात पडते. संध्याकाळी पोहोचून जागा ठरवणारे लोक पश्चिमेची सावली बघून तंबू लावतात आणि सकाळी भाजतात. जागा ठरवताना मोबाइलवर होकायंत्र उघडा.

ओहोळाच्या अगदी काठावरही नको. उन्हाळ्यात रानात पाणी थोडक्याच जागी उरतं आणि रात्री गवे, रानडुकरं तिथेच येतात. त्यांची वाट सोडून बऱ्या अंतरावर राहा. आणि अंघोळ करायची ती मालक दाखवेल त्या डोहात. अनोळखी डोह, बंद पडलेल्या खाणींतलं पाणी यांच्या वाटेला जाऊ नका. खाणीच्या खड्ड्याला उतार नसतो, दोन पावलांत पाय सुटतो.

घराजवळ राहण्याचे फायदे तुमच्या बाबतीत फार मोठे आहेत. विहीर, संडास, विजेचा पंखा आणि दारापर्यंत १०८ ची रुग्णवाहिका येईल असा रस्ता. सासऱ्यांची खाट मालकाच्या पडवीत टाका, डोक्यावर पंखा असू द्या. त्यांना वाईट वाटेल म्हणून तंबूत झोपवू नका. नातवंडांबरोबर पत्ते खेळायला ते तंबूत येतीलच.

रात्रीची तयारी कशी करायची ते सांगतो, कारण झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट बाधतं. तंबू दिवसा लावून ठेवू नका, ऊन कललं की लावा. वरची फ्लाय, म्हणजे पावसासाठी असलेलं बाहेरचं आवरण, काढा, आतला नुसता जाळीचा तंबू ठेवा. चार जणांचा म्हणून विकलेल्या तंबूत उन्हाळ्यात दोघंच झोपायचं. माणूस झोपेतसुद्धा सत्तर-ऐंशी वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, आणि चार माणसांची बेरीज तुम्हीच करा. दार एकच असेल तर रात्री ते पूर्वेकडे करा. दिवसा सावली हवी तिथे ताडपत्री बांधा, फिक्या रंगाची, डोक्याच्या वर चांगली हात-दीड हात उंच आणि चारही बाजू मोकळ्या. ताडपत्री तंबूला चिकटवून बांधली तर सगळी धग आत उतरते. स्लीपिंग बॅग घरी ठेवा. खाली चटई, तिच्यावर सुती चादर, पांघरायला जुनी मऊ साडी. झोपण्यापूर्वी विहिरीच्या पाण्याने अंघोळ आणि ओला पिळलेला पंचा मानेखाली. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा मिळतो, तो जाळीच्या बाहेरून आत वारा घालेल असा ठेवा. ओल्या अंगावर हलता वारा मिळाला की घाम वाळतो, आणि दमट हवेत तीच तर खरी अडचण आहे.

जाळीची चेन मात्र सताड उघडी टाकायची नाही, कितीही उकडलं तरी. डास हे एक कारण आणि मण्यार हे दुसरं. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, कित्येकदा दुखतही नाही आणि खूण दिसत नाही. सकाळी पापण्या जड होणं, गिळता न येणं, पोटात कळ, असं काही दिसलं तर चावल्याची खात्री करत बसू नका. गाडी काढा. बूट, चपला आत घ्या, रात्री बाहेर पडताना बॅटरी पायांवर मारा.

दिवसाचं वेळापत्रक गावातलीच माणसं पाळतात तसं ठेवा. काजूच्या बागेत कामाला जाणारे उजाडताच जातात आणि ऊन चढायच्या आत परततात. तुम्हीही साडेपाचला उठा, फिरायचं, रान बघायचं, मुलांना दमवायचं ते नऊपर्यंत. दहा-साडेदहाला पेज. दुपारी बारा ते चार कुळागराच्या सावलीत, पण वर नारळ-झावळ्या लोंबत नाहीत अशा जागी, चटया टाकून पडून राहायचं, कोणीही उत्साह दाखवायचा नाही. चारनंतर डोहात अंघोळ, पाचला हवं तर पुन्हा फिरणं, साडेसातच्या आत जेवण. पुण्याच्या पाहुण्यांना दुपारचा हा रिकामा वेळ खटकेल. “एवढ्या लांब झोपायला आलो का?” असं भाऊ विचारेल. हो म्हणा.

पेजेवर जरा थांबतो. उकड्या तांदळाची पातळ पेज, चवीपुरतं मीठ आणि सोबत चेपणीतलं तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी. उन्हाळ्यात गोव्याच्या घराघरांत हे सकाळी चालतं आणि शरीरशास्त्राच्या हिशेबाने त्याला नाव ठेवायला जागा नाही. भरपूर पाणी, पोटाला हलका पिठूळ अंश आणि घामाबरोबर गेलेलं मीठ, तिन्ही एका वाडग्यात. तांदळाच्या पिठापासून केलेलं क्षारपाणी जुलाबावर वापरतात ते याच तत्त्वावर. मुलं नाक मुरडतील, त्यांच्या पेजेत खोबऱ्याचे चार तुकडे टाका. जड जेवण दुपारी नकोच. आणि नारळाचं वाटण घातलेली आमटी, हुमण (माशांचं कालवण) घरून करून नेऊ नका. या हवेत ते दुपारपर्यंत आंबतं. सोलकढीचंही तेच. त्याऐवजी आमसुलाचं आगळ बाटलीत भरून न्या, ते टिकतं. जागेवर पाणी घालून मिरची, कोथिंबीर, हिंग लावून फुटी कढी करा. चव आणि मीठ दोन्ही मिळतं. मासे न्यायचेच असतील तर पहिल्या दुपारपुरते, बर्फात. मला विचाराल तर दोन दिवस सुक्या बांगड्यावर काढा.

स्वयंपाक मालकाच्या चुलीवर किंवा गॅसच्या शेगडीवर. शेकोटी नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात वणवे लागले तेव्हा विझवायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली होती. एप्रिलमधला पाचोळा त्याहून सुका असतो, आणि उकाड्यात शेकोटी हवी तरी कशाला? गॅसची डबी उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका.

पाणी. उन्हाळ्यात बाहेर राहणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला चार-पाच लिटर प्यायला धरा. तुम्ही आठ जण, मुलं थोडी कमी पितील, म्हणजे वीस लिटरचे दोन जार रोज, फक्त पिण्यासाठी. तहान लागण्याची वाट बघायची नाही, विशेषतः सासऱ्यांच्या बाबतीत. वय वाढलं की तहानेची जाणीव बोथट होते. त्यांना तासा-तासाला भांडं हातात द्या. लघवीचा रंग हा सगळ्यात सोपा मापक आहे, फिका पिवळा असेल तर बरं चाललंय, गडद झाला तर पाणी वाढवा. पण नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसणंही बरोबर नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं. अधूनमधून क्षारपाणी हवं. ओआरएसची पुडी एक लिटरची की २०० मिलिलिटरची ते पाकिटावर वाचून तेवढ्याच पाण्यात घाला. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातली ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं वेगळी. त्यांत साखर फार असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली ती त्यामुळेच.

भाऊ एप्रिलअखेर गोव्यात येतोय म्हणजे हुर्राकची, काजूच्या बोंडांच्या रसापासून काढलेल्या दारूची, बाटली येणार, हे मी गृहीत धरतो. हुर्राक गोड लागते, सोड्यात आणि मिरचीत सहज उतरते, आणि लघवीवाटे अंगातलं पाणी काढून नेते. दुपारी अजिबात नको. सूर्यास्तानंतर, पोटात काही असताना, एक पेला, आणि त्यानंतर डोहात उतरायचं नाही, गाडीला हात लावायचा नाही. आठ माणसांत एक चालक रात्रभर शुद्धीत हवा.

आता थोरल्याचं. तुम्ही लिहिलेल्यावरून तो उन्हाचा थकवा वाटतो. घामाघूम अंग, डोकेदुखी, पायात गोळे, उलटी, आणि सावलीत काही तासांत आराम. पॅरासिटामॉलने त्यात काही झालं नाही. ती गोळी जंतुसंसर्गाच्या तापावर चालते, उन्हाने चढलेली उष्णता ती उतरवत नाही. यंदा असं काही दिसलं तर लगेच सावलीत आडवं करा, पाय थोडे वर, कपडे सैल, अंगावर पाणी, पंख्याचा वारा आणि घोट घोट क्षारपाणी. अर्ध्या तासात उतार दिसायला हवा. उलट्या थांबत नसतील तर दवाखाना. आणि बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात नाही.

उष्माघात ही वेगळी गोष्ट आहे, तिथे मिनिटं मोजायची. शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, तोल जातो, झटके येतात, शुद्ध हरपते. अंग कोरडं पडलं तरच उष्माघात, असं बरेच जण धरून चालतात. दमट हवेत, दगदग केल्यावर आलेला उष्माघात असेल तर अंग घामाने भिजलेलंही असू शकतं. बोलण्यात फरक पडला, एवढी खूण पुरे. एकाने १०८ लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला सुरुवात करायची, रुग्णवाहिकेची वाट न बघता. कपडे काढा, विहिरीचं पाणी बादलीने ओतत राहा, जोरात वारा घाला, मान, काखा, जांघा यांत ओले पंचे किंवा बर्फ. डोह जवळ असेल आणि धरायला दोघं असतील तर डोकं वर धरून पाण्यात बसवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. निघण्यापूर्वी जवळचं आरोग्य केंद्र कुठलं ते बघून ठेवा. सत्तरीत गेलात तर वाळपईचं, फोंड्याच्या बाजूला असाल तर फोंड्याचं उपजिल्हा रुग्णालय. आतल्या गावांत मोबाइलला रेंज मिळत नाही, तेव्हा मालकाच्या घरात फोन कुठे लागतो ते पोहोचल्याबरोबर विचारा.

सासऱ्यांच्या गोळीबद्दल डॉक्टरांना जाण्याआधी भेटा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, त्याने उन्हाळ्यात पाणी आणि क्षार लवकर कमी होतात. डॉक्टर मात्रा बदलतील किंवा नाही बदलणार, पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका. खाटेवरून उठताना त्यांना आधी दोन मिनिटं बसायला सांगा.

सत्तरी निवडलीत तर एक जास्तीची काळजी. तिथे २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडू लागले. गोचिडीतून येणारा हा आजार, त्याचा मोसम डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत, म्हणजे नेमका काजूचा. गोचिडीचं पिल्लू मोहरीएवढं असतं आणि पाचोळ्यात बसतं. म्हणून काजूखालच्या सुक्या पानांवर बसायचं नाही, लोळायचं नाही, तंबू लावायचा नाही. रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, लांब पँट मोज्यात खोचून. उन्हासाठीही तोच पोशाख चांगला, वर रुंद काठाची टोपी. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी मुलांचं अंग तपासा: कानामागे, काखेत, गुडघ्यामागे. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-रॉकेल ओतू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात सांगा. परतल्यावर आठ-दहा दिवसांत कोणाला ताप आला तर डॉक्टरांना ‘सत्तरीच्या रानात राहून आलो’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

राहिला तंबू. नवीन घेऊ नका. उन्हाळ्यात महाग तंबू आणि स्वस्त तंबू सारखेच तापतात. जुन्याचं छत जाळीचं असेल आणि चेन नीट लागत असेल तर तो पुष्कळ आहे. पुरत नसेल तर आणखी एक भाड्याने आणा, शक्यतो दोन्ही बाजूंना दार असलेला. वाचलेल्या पैशांत फिक्या रंगाच्या दोन ताडपत्र्या, चांगली नायलॉनची दोरी आणि बॅटरीचे दोन पंखे घ्या. फ्लाय मात्र काढून गाडीत ठेवू नका. तंबूच्या एका कडेला गुंडाळून बांधून ठेवा, म्हणजे रात्री वळिवाचे थेंब आले तर अंधारात शोधाशोध न करता एका ओढीत पसरता येईल. विजा कडाडायला लागल्या तर मुलांना उचला, सासऱ्यांनाही पडवीतून उठवा आणि सगळे जण मालकाच्या पक्क्या घरात आत जा.